पप्पांना खरंच फसवलं होतं का? ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरची गोष्ट

(ज्यांना इअरफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त दर वाक्यातलं ‘ॲक्चुअली’ काढून टाकलंय.)

 

आजचा भाग एका व्हॉट्सॲप मेसेजमुळे करतोय. माझा मामेभाऊ धुळ्याला डिप्लोमाला आहे. मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला: “दादा, ३२ हजारात गेमिंग पीसी करायचाय. ग्राफिक्स कार्ड बजेटमध्ये बसत नाही. पण पप्पा म्हणतात, कार्डशिवाय घेऊच नको. तुमच्या घरी २००८ ला दाजींना दुकानदाराने तसंच फसवलं होतं.”

दाजी म्हणजे माझे पप्पा. हे वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो. कारण ‘फसवलं’ ही गोष्ट मामाच्या डोक्यात घातली होती मीच. अकरा वर्षांचा असताना. आणि ती खोटी आहे.

तर आज दोन कामं करायची आहेत. एक, वेगळं कार्ड न लावता, म्हणजे इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर गेम खेळायची पद्धत आली कुठून, ते बघायचं. दुसरं, पप्पांवरचा तो डाग पुसायचा. दोन्ही कामं एकाच गोष्टीत होतात.

आधी एक सांगतो. तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय किंवा वाचताय ना, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाहीये. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर, आणि दोघांत मिळून एकच रॅम. तरी तुम्ही त्यावर बीजीएमआय खेळताच. मग ‘कार्ड नाही म्हणजे गेम नाही’ हा समज पीसीच्याच बाबतीत का पक्का झाला? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

तेलाच्या गावातला कॉम्प्युटर

मी अमळनेरचा. आमच्या गावाचं नाव भारताच्या कॉम्प्युटरच्या इतिहासात पहिल्या पानावर आहे, फक्त वेगळ्या कारणाने. २९ डिसेंबर १९४५ ला मोहम्मद हाशिम प्रेमजींनी इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली. काम काय, तर वनस्पती तूप आणि तेल. १९६६ मध्ये वडील गेल्यावर अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून परत आले. पुढे १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली, बाजारात मोठी जागा रिकामी झाली, आणि तेलाच्या याच कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉम्प्युटर बनवायला घेतले. तीच विप्रो.

म्हणजे कंपनी आमच्या गावात जन्मली. पण आमच्या घरात कॉम्प्युटर यायला २००८ ची दिवाळी उजाडली!

पप्पा कृषी केंद्रात हिशेब लिहायचे. कापसाचं पेमेंट शेतकऱ्यांकडे आलं की उधारी वसूल व्हायची, आणि मग यांचा बोनस. त्या वर्षी ताईचं एमएस-सीआयटी चालू होतं. महाराष्ट्रातल्या एका आख्ख्या पिढीने माउस पहिल्यांदा हातात धरला तो याच कोर्सला. ताईला सराव करायला मशीन हवं होतं. पप्पा एसटीने जळगावला गेले आणि रात्री दोन खोकी आणि एक मॉनिटर घेऊन आले. बिल झालं १७,९५० रुपये. त्यात १,७५० रुपयांचा यूपीएस.

काही महिन्यांनी एका मित्राकडून मी जीटीए फोर आणला. इन्स्टॉल व्हायलाच तास गेला. डबल क्लिक केलं, तर एरर. मित्राचा मोठा भाऊ आला, त्याने कॅबिनेटच्या मागे वाकून पाहिलं आणि म्हणाला, “अरे, यात कार्डच नाही भो. फसवलं तुम्हाला.”

त्या रविवारी मामा घरी जेवायला होता. सगळ्यांसमोर मी पप्पांना म्हणालो, “तुम्हाला दुकानदाराने फसवलं.” पप्पा काही बोलले नाहीत. भाकरी मोडत राहिले. आणि आमच्या नातेवाइकांत तो इतिहास झाला.

मेमरी वाटून घेण्याची जुनी सवय

आता तांत्रिक भाग, पण सोपा करून सांगतो.

स्क्रीनवर जे दिसतं ते कुठल्या तरी मेमरीत आधी साठवावं लागतं. वेगळ्या कार्डावर त्यासाठी स्वतःची मेमरी असते. इंटिग्रेटेडमध्ये तशी नसते, ते मुख्य रॅममधूनच वाटा घेतं. गंमत म्हणजे जुन्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये हीच पद्धत होती. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश मशीन वापरलं. त्याची एकूण रॅम ३२ केबी. सगळ्यात चांगल्या ग्राफिक्स मोडमध्ये त्यातली २० केबी एकटी स्क्रीन खायची! उरलेल्या १२ केबीत तुमचा प्रोग्रॅम बसवा.

मग १९९० च्या दशकात थ्रीडी गेम आले आणि वेगळ्या कार्डांचा जमाना सुरू झाला. इंटेललाही त्यात उतरायचं होतं. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्यांनी आय७४० हे कार्ड आणलं. बरोबर होती रिअल थ्रीडी ही लॉकहीड मार्टिनमधून निघालेली, सिम्युलेटर बनवणारी कंपनी. आय७४० ची कल्पना अशी की टेक्श्चर, म्हणजे भिंतींवरची, कपड्यांवरची चित्रं, कार्डाच्या मेमरीत ठेवायचीच नाहीत. मुख्य रॅममध्ये ठेवायची आणि लागतील तशी एजीपीच्या वाटेने ओढायची. पण मुख्य रॅम हळू, वाट अरुंद. कार्ड चाललं नाही. दीड वर्षाच्या आत इंटेलने तो धंदा गुंडाळला.

पण कल्पना मेली नाही. एप्रिल १९९९ मध्ये आय८१० चिपसेट आला. त्यात तेच ग्राफिक्स सुधारून थेट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये घातलं होतं. वेगळं कार्ड लावायला एजीपीचा स्लॉटसुद्धा नाही. उद्देश साफ होता: स्वस्त पीसी. बँकेचा क्लार्क, सायबर कॅफे, शाळेची लॅब, यांना थ्रीडी नकोच होतं. कार्डाचे पैसे वाचले की मशीन घराघरात पोचतं.

आणि पोचलंच. ८४५जी, ८६५जी, ९१५जी, ९४५जी, जी३१. २००२ पासून पुढची सात-आठ वर्षं आपल्याकडचे असेंबल्ड पीसी बहुतेक याच नावांचे. खान्देशातल्या कॅफेत व्हाइस सिटी आणि काउंटर स्ट्राइक १.६ यांवरच चालायचं. व्हाइस सिटीला ३२ एमबीची व्हिडिओ मेमरी पुरत होती, ती हे चिपसेट रॅममधून काढून देत.

मग अडलं कुठे? १९९९ च्या अखेरीला एनव्हिडियाच्या जीफोर्स २५६ ने थ्रीडी आकार फिरवायचं आणि उजेडाचं गणित कार्डावर घेतलं. गेम बनवणारे हळूहळू ते गृहीत धरू लागले. इंटेलची जीएमए मालिका मात्र त्यातला बराच भाग प्रोसेसरवर ढकलायची. त्यामुळे काही गेम ‘तुमच्याकडे हे हार्डवेअर नाही’ म्हणून दारातच अडवायचे. आपल्या आधीच्या पिढीतली पोरं थ्रीडी-ॲनालाइज नावाचं छोटं सॉफ्टवेअर लावून गेमला खोटं सांगायची की आहे बाबा, हार्डवेअर आहे. गेम सुरू व्हायचा, पण स्लाइड शोसारखा.

आमच्या पीसीत जी३१ होता, म्हणजे जीएमए ३१००. जीटीए फोरला शेडर मॉडेल ३.० लागायचं, आमचं २.० वर थांबलेलं. म्हणजे एरर यायचीच होती. यात दुकानदाराची लबाडी कुठेच नव्हती. त्याने जी३१ सांगितला आणि जी३१ च दिला.

एकाच चिपवर

२००६ मध्ये एएमडीने ग्राफिक्सवाली एटीआय कंपनी ५४० कोटी डॉलरला विकत घेतली. तेव्हा लोकांनी एएमडीला वेड्यात काढलं. कंपनीवर कर्ज चढलं. पैशासाठी २००९ मध्ये तिने मोबाइल ग्राफिक्सचा विभाग क्वालकॉमला ६.५ कोटी डॉलरला विकला. त्याचंच पुढे ॲड्रिनो झालं. इंग्रजी स्पेलिंगची अक्षरं उलटीसुलटी करून बघा, ‘रेडिऑन’ मिळेल. तुमच्या फोनवर स्नॅपड्रॅगन असेल, तर तुमच्या खिशात त्या विक्रीचा तुकडा आहे.

२०११ हे वळणाचं वर्ष. जानेवारीत इंटेलने सँडी ब्रिजमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच सिलिकॉनवर आणले. जूनमध्ये एएमडीचा लानो आला, तोही तसाच, पण ग्राफिक्सचा भाग चांगलाच दणकट. आता ग्राफिक्स मदरबोर्डच्या कोपऱ्यातून उठून प्रोसेसरच्या शेजारी येऊन बसलं.

नोव्हेंबर २०१३ मध्ये तर सोनीचं पीएस४ आलं. त्यात एएमडीची एकच चिप, वेगळं कार्ड नाही, मेमरी वाटून घेतलेली. मग ते इतकं भारी कसं चाललं? कारण ती मेमरी जीडीडीआर५ होती, सेकंदाला १७६ जीबी डेटा देणारी. हा आकडा लक्षात ठेवा. इंटिग्रेटेड ग्राफिक्स मुळात कमजोर असतं असं नाही. पुष्कळदा ते उपाशी असतं.

पीसीवर खरा दिलासा १२ फेब्रुवारी २०१८ ला आला. एएमडीचा रायझन ३ २२००जी. ९९ डॉलर. चार कोअर आणि आत व्हेगा ८ ग्राफिक्स. कार्डाशिवाय जीटीए फाइव्ह खेळता येईल असा स्वस्त प्रोसेसर. मी तेव्हा बीटेकला होतो, इंटर्नशिपचे पैसे जमले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये तीन दिवस चकरा मारल्या आणि पीसी जुळवला. या वेळी कोणी फसवणार नाही, सगळं यूट्यूबवर पाहून आलोय, अशी माझी ऐट.

आणि मी काय केलं? ८ जीबीची एकच स्टिक घेतली. डोक्यात असं, की पुढे पैसे आले की दुसरी टाकू.

गेम चालायचा, पण अडखळत. ३०-३५ फ्रेम, मध्येच झटका. वर्षभर मी सेटिंग कमी-जास्त करत बसलो, ड्रायव्हरला शिव्या देत बसलो. मग नोकरी लागल्यावर दुसरी ८ जीबीची स्टिक टाकली. तोच गेम, तीच सेटिंग, ५० च्या वर.

कारण साधं आहे. माझी डीडीआर४-२४०० ची एक स्टिक सेकंदाला १९.२ जीबी डेटा देते. दोन स्टिक दोन चॅनेलवर लावल्या की ३८.४. वेगळ्या कार्डाला स्वतःची मेमरी असते, त्याला याने फार फरक पडत नाही. इंटिग्रेटेडला हीच रॅम प्रोसेसरशी वाटून खायची असते, म्हणून त्याला तोंडचा घास दुप्पट झाल्यासारखं होतं. त्याच वर्षी एनव्हिडियाच्या जीटी १०३० कार्डाचं पण असंच झालं. मूळ कार्डात जीडीडीआर५ मेमरी होती, ४८ जीबीची. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ वालं आलं, १६.८ जीबीचं. खोक्यावर नाव तेच, आत वेग जवळपास एक तृतीयांश.

बिल

धुळ्यात राहणाऱ्यांना इतिहासाचार्य राजवाडे सांगायला नकोत. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं गोळा करणारा माणूस. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले, आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांचा धडा एकच: ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, कागद बघा.

मामेभावाचा मेसेज आला, तेव्हा मी अमळनेरलाच होतो. पप्पांचं दप्तर म्हणजे एक निळी फाइल. हिशेब लिहिणारा माणूस, काहीच फेकत नाही. २००८ चं बिल सापडलं. कार्बन कॉपी, शाई जांभळट झालेली. मी एकेक ओळ वाचत गेलो आणि रॅमच्या ओळीवर थांबलो.

“रॅम ५१२ एमबी × २.”

१ जीबीची एक नाही. ५१२ च्या दोन. जी३१ ला ड्युअल चॅनेल होतं. म्हणजे त्या दुकानदाराने २००८ मध्ये जे न सांगता बरोबर केलं, ते मी इंजिनिअरिंगला असताना, इंटरनेट हाताशी असताना चुकवलं.

मी पप्पांना विचारलं, “दोन का घेतल्या होत्या?”

ते म्हणाले, “तो म्हणाला होता, पैसे सारखेच, पण जोडीने चांगलं ओढतात. मला पटलं. एका बैलाने नांगर ओढला जातो का?”

“आणि कार्ड?”

“तो म्हणाला होता ना, पोराला गेम खेळायचे असतील तर अडीच-तीन हजाराचं कार्ड टाका. माझ्याकडे त्यातले पावणेदोन हजारच उरत होते. मी यूपीएस घेतला. तेव्हा लाइट कुठे राहायची? ताईची परीक्षा होती.”

आठवा २००८ चं भारनियमन. शहरात काही तास, खेड्यात दहा-बारा तास लाइट नाही. यूपीएस नसता, तर दर वेळी लाइट गेल्यावर मशीन धाडकन बंद, आणि हार्डडिस्कचं कधी काय होईल सांगता येत नाही. तो पीसी सात वर्षं चालला. ताई त्यावर शिकली, मी पहिला सी प्रोग्रॅम त्यावरच लिहिला.

मी म्हणालो, “मग तेव्हा का नाही बोललात? मामासमोर?”

“तू लहान होता. आणि कार्ड नव्हतंच ना त्यात. खोटं काय बोलला तू?”

यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचत नाहीये.

तर आता काय घ्यायचं?

मामेभावाला मी जे लिहिलं, तेच इथे सांगतो. बजेट कमी असलेल्या सगळ्यांना चालेल.

पहिलं, कार्ड नाही म्हणून कमीपणा वाटून घेऊ नकोस. २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंग आणि चिपच्या टंचाईने कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगच बंद केलं, तोपर्यंत हालच होते. त्या दिवसांत रायझन ५ ५६००जी वर कितीतरी पोरांनी निभावलं. सहा कोअर, व्हेगा ७. आजही कमी पैशात तो चालतो. बजेट वाढलं तर ८६००जी, त्याचं रेडिऑन ७६०एम बरंच पुढे आहे, पण त्याला डीडीआर५ आणि नवा बोर्ड लागतो.

दुसरं, नावातलं शेवटचं अक्षर वाच. एएम४ बोर्डावरच्या रायझनच्या नावात आकड्यानंतर ‘जी’ नसेल, तर आत ग्राफिक्स नाही. इंटेलला शेवटी ‘एफ’ असेल, तरी नाही. थोडे पैसे वाचवायला ‘एफ’ घेशील आणि घरी आल्यावर स्क्रीन काळीच राहील.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: रॅम ८ + ८, जोडीने. डीडीआर४-३२०० च्या दोन स्टिक म्हणजे ५१.२ जीबी. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर दुसरा आणि चौथा. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर पळत राहते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरांच्या मागणीने मेमरीचे भाव जगभर चढले, त्यामुळे इथे हात आखडावासा वाटेल. आखडायचा असेल तर लाइटवाल्या कॅबिनेटवर आखड.

चौथं, बोर्ड जुन्या स्टॉकमधला बी४५० असेल तर दुकानात आधी बायोस अपडेट करून माग, नाहीतर ५६००जी ओळखणारच नाही.

पाचवं, आपला प्रदेश. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. समोर काच असलेलं कॅबिनेट पुण्यात शोभतं, आपल्याकडे पुढून जाळी हवी. आणि एसएमपीएस चांगल्या कंपनीचा, ८० प्लस शिक्क्याचा घे. पुढे कधी कार्ड टाकायचं झालं तर तोच कामी येईल.

अपेक्षा काय ठेवायची? व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक, जीटीए फाइव्ह, मजेत. अगदी नवे मोठे गेम लो सेटिंगवर ७२०पी ला, आणि काही चालणारच नाहीत. हे आधीच माहीत असलं की कोणी फसवलं असं वाटत नाही.

त्या बिलाचा फोटो काढून मी फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: “पप्पांना कोणी फसवलं नव्हतं. मीच चुकीचं सांगितलं होतं.” मामाने अंगठा दाखवला. तासाभराने त्याचा फोन आला, पण मला नाही, पप्पांना. पोराला पीसी घ्यायला धुळ्याला येता का, असं विचारत होता. रविवारी आम्ही तिघं आग्रा रोडला जातोय. पप्पांनी कागदावर यादी काढलीये, आणि यूपीएस सगळ्यात वर लिहिलाय.

तुमच्या घरी पहिल्या कॉम्प्युटरचं बिल असेल तर शोधा, आणि आणलं कोणी, कशाच्या बदल्यात आणलं, तेही घरात विचारा. चला, पुढच्या भागात भेटू. राम राम.